सतराव्या झाडाचे पाच ठोके

"हे कुठल्या गावचं नमाजाचं वेळापत्रक गं? तासभर मागे आहे."

उम्मी माझ्या खांद्यामागे उभी होती. ती हरीसासाठी मिरच्या वाटत होती, हात मनगटापर्यंत लाल, आणि त्या हातांनी कशालाच शिवायचं नाही म्हणून तिने ते ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे वर धरले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप. पडद्यावर सोमवारच्या भाषणाची सातवी स्लाइड. तिच्यावर माझ्या आयुष्यातला एकुलता एक शोध, पाच आकड्यांत: तीन चाळीस, अकरा पंधरा, चौदा सदतीस, सतरा दहा, अठरा बत्तीस.

"हे वेळापत्रक नाहीये, उम्मी. हे झाड आहे."

"झाड. बरं." तिने मान पुढे काढून पुन्हा वाचलं. "मग झाडाला सांग, पहाटेची नमाज पाच वाजायला वीस मिनिटं असताना होते. चाराला वीस असताना नाही. माल्टाचं आहे का झाड?"

आणि ती मिरच्यांकडे गेली. तेवढंच झालं. कोणी पडलं नाही, काही फुटलं नाही. विमान उतरताना कानाला दडा बसतो आणि आपल्याला तो बसलाय हेही कळत नाही, मग एकदम फट् करून मोकळा होतो आणि शेजारची बाई केव्हापासून बोलतेय ते ऐकू येतं, तसं झालं. मिक्सर ऐकू आला. वरच्या मजल्यावरची खुर्ची ऐकू आली. आणि खिडकीतून, चौथ्या मजल्यापर्यंत चढून, खालच्या गल्लीतली दुपारची दुसरी अजान ऐकू आली, जी मी एक्केचाळीस वर्षं दिवसातून पाच वेळा ऐकत आले आहे, म्हणजे ऐकत आलेली नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पंधरा छत्तीस वाजले होते. मी बघत राहिले. पंधरा सदतीस झाले. आमची यंत्रं ग्रीनिचच्या वेळेवर चालतात, जगभरातल्या आकड्यांशी जुळावीत म्हणून. ग्रीनिच आमच्या सफाक्स शहराच्या एक तास मागे आहे. चौदा सदतीस अधिक एक. हे गणित माझी आई मिरच्या वाटता वाटता करून गेली होती.

दुरुस्ती: तिने गणित केलंच नाही. तिने फक्त वाचलं.

चोवीस झाडं आहेत. शहरापासून चाळीस किलोमीटरवर, ऑलिव्हची, झाड ते झाड चोवीस मीटर, कारण आमच्याकडे पाऊस इतका थोडा की प्रत्येक झाडाला जमिनीखाली स्वतःचा मोठा चौक लागतो. वरून पाहिलं तर मोकळी तांबूस वाळू आणि मधूनमधून एकेक झाड, एकमेकांशी बोलणं सोडल्यासारखं. खाली मात्र मुळांची दाटी, अंगाला अंग. चार वर्षांपूर्वी मी प्रत्येक बुंध्याशी ओल मोजणाऱ्या सुया पुरल्या, वीस सेंटिमीटरवर, साठवर, एकशेवीसवर. खोडांत तारा घातल्या, रस किती वेगाने वर चढतो ते कळावं म्हणून. आणि महिन्यातून दोनदा मी स्वतः शिडीवर चढून जिवंत पान, न तोडता, काचेच्या छोट्या डबीत धरते आणि ते किती कार्बन घेतं, किती पाणी सोडतं ते बघते. पानाचं सगळं दुखणं एवढ्यात आहे: कार्बन आत घ्यायचा तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की पाणी जातं. दोन्हींना दार एकच. म्हणून ऑगस्टमध्ये झाडं सकाळी आठ-साडेआठलाच तोंड मिटून घेतात आणि उपाशी राहतात. तेवीस झाडं असंच करतात. सतरावं साडेदहापर्यंत उघड्या तोंडाने उभं असतं, लग्नातल्या जेवणाला बसल्यासारखं.

का? पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र बदललं. मग वीस सेंटिमीटरची सुई बघितली आणि त्या दिवशी संध्याकाळी मी घरी चालत आले, गाडी विद्यापीठातच विसरून. सात महिने पावसाचा थेंब नव्हता आणि सतराव्या झाडाच्या मुळाशी ओल दिवसातून पाच वेळा वर जात होती. ठोका, मग उतार. ठोका, मग उतार. खोल मुळं खालचं पाणी वर आणून कोरड्या मातीत सोडतात हे माहीत आहे, ऑलिव्हही करतं, पण रात्री, सावकाश, एकदा. पाच वेळा कोणी पाहिलं नव्हतं. आणि ते ठोके घड्याळावर नव्हते, सूर्यावर होते! पहिला आणि शेवटचा, सूर्य क्षितिजाच्या खाली जवळपास सारख्याच अंशांवर असताना. दुसरा, माथ्यावरून कलल्यावर. चौथा, मावळल्यावर लगेच. तिसऱ्याने मला तीन महिने रडवलं. उन्हाळ्यात तो एका कोनात, हिवाळ्यात भलत्याच. कुठल्याच सूत्रात बसेना. शेवटी एका रविवारी मी सूर्याचा कोन सोडला आणि सावली धरली. कुठल्याही वस्तूची सावली, तिच्या दुपारच्या सावलीत तिची स्वतःची उंची मिळवली की होईल एवढी लांब झाली की तिसरा ठोका. वर्षभर, एकही दिवस न चुकता. सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, माझे प्राध्यापक, खुर्चीतून उठले होते. "झाड सावली मोजतं," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "नाजिहा, झाड सावली मोजतं!" त्यांनी त्याला नाव दिलं, नाजिहाची नाडी. वर्षारंभाच्या व्याख्यानात सगळ्यांसमोर सांगितलं. सोमवारी तीन देशांतून माणसं ऐकायला येणार आहेत. लेख पाठवलेला आहे.

तिसऱ्या नमाजेची वेळ सावलीवरून कशी काढायची हे मला शाळेत शिकवलं होतं. नऊ वर्षांची असताना. अंगणात काठी रोवून. परीक्षेत आलं होतं आणि मला पूर्ण गुण होते.

मी हसायला लागले. आधी नाकातून, मग टेबलावर डोकं ठेवून. उम्मीने मिक्सर बंद केला. "मिरची डोळ्यात गेली का?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच ठाऊक नाही. "धुऊ नकोस," ती म्हणाली, "पाण्याने वाढतं. आणि माल्टाच्या झाडाचं एवढं हसू येण्यासारखं काय आहे, ते मलाही सांग, मी दिवसभर या स्वयंपाकघरात आहे." मी सांगितलं. तिने हात वर धरलेलेच ठेवून सगळं ऐकलं. "म्हणजे चार वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मुन्सिफ आणि तू. एवढं शिकलेले. तो तर शुक्रवारी पहिल्या रांगेत असतो." मग तिला कळलं की यात माझं काहीतरी गेलंय. तिने कोपराने माझ्या डोक्यावरचे केस मागे सारले. कोपर तेवढं स्वच्छ होतं.

काय गेलंय, हे मला संध्याकाळपर्यंत नीट कळत नव्हतं. एक सुई चुकली तर चुकली. तेवीस झाडं आहेत. पण माणूस चार वर्षं एका गोष्टीच्या नावाने उठत असतो. मी वर्गात मागच्या बाकावरची, शोध लावणारी नव्हे, दुसऱ्यांच्या लेखातली टिंबं-स्वल्पविराम तपासणारी. सी मुन्सिफच म्हणायचे, नाजिहा चूक करत नाही. म्हणजे काहीच करत नाही. आणि मग सतरावं झाड आलं आणि बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही मला आतून वाटायचं की मला एक गोष्ट माहीत आहे जी या खोलीत कोणाला माहीत नाही. सोमवारी एकतर मी गप्प बसायचं आणि ती गोष्ट ठेवायची, किंवा तोंड उघडायचं. पानासारखंच. दोन्हींना दार एकच.

(गप्प बसता आलं असतं. खरंच आलं असतं. बाहेरून येणाऱ्यांच्या गल्लीत अजान नाही.)

पण ज्याने गप्प बसवेना ते वेगळंच होतं. पाच ठोके म्हणजे पाच वजू, नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं; ते पाणी ओतणारा कोण, हे शोधायची गरज नव्हती. बागेत एकच माणूस राहतो, राखणदार, अम्म मक्की, बासष्ट वर्षांचा, माझ्या वडिलांच्या वयाचा म्हणून अम्म, काका. आणि त्याला मी पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. तसं विचारायलाच हवं होतं, मी चूक करत नाही. "अम्म मक्की, तुम्ही सतराला पाणी घालता?" तो दुखावला होता. छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "वल्लाही, एक थेंब नाही." मी वहीत लिहून ठेवलं: राखणदाराने शपथेवर नाकारलं. आता ते वाक्य माझ्याकडे बघत होतं. खोटी शपथ घेणारा माणूस दिवसातून पाच वेळा वजू करेल? आणि करत असेल तर त्याला काय म्हणायचं? शिवाय दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी जुलैत त्याची बायको वारली. मी त्याच्या गावी गेले होते, मातमाचा कुसकुस खाऊन आले होते, तो अंगणात बसून येणाऱ्या प्रत्येकाला सावलीत बसा म्हणत होता. सात दिवस तो गावी होता, सात दिवस ठोके नाहीत, ते समजतं. पण आठव्या दिवशी तो बागेत परतला, हे मला माहीत आहे, त्याने फाटक उघडलं म्हणून मी आत गेले. आणि सुई पुढे एकोणीस दिवस सपाट आहे. आलेखात तो भाग पठारासारखा दिसतो. सी मुन्सिफांनी त्यावर एक परिच्छेद लिहिलाय, मुळांची विश्रांती.

एकोणीस दिवस माणूस नमाजेला उभा राहिला नाही. देवाशी बोलणं टाकलं. कोणाला कळू दिलं नाही, फाटक उघडलं, चहा दिला, कुत्र्याला हाकललं. आणि मी ते मिनिटामिनिटाला नोंदवलं, रंगीत छापलं आणि तीन देशांतल्या लोकांना पाठवलं. दुसऱ्याचं पत्र आपल्या नावावर आलेलं समजून फोडावं आणि सबंध वाचून झाल्यावर वरचा पत्ता दिसावा, तसं मला झालं. त्या झाडाकडे मी चार वर्षं कान लावून बसले होते. ऐकू येत होता एक विधुर.

दुरुस्ती: गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत तो विधुर नव्हता. पहिली तीन वर्षं ऐकू येत होता एक नवरा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी निघाले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते आणि प्रत्येक वाक्य भाषणाच्या सुरुवातीसारखं होत होतं. आदरणीय अम्म मक्की. नांगरलेली वाळू दोन्हीकडे सपाट, झाडांच्या रांगा गाडीबरोबर पंख्यासारख्या उघडत-मिटत होत्या, हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि दर वेळी बरं वाटतं, त्या दिवशीही वाटलं, वाटू नये असं ठरवूनही. फाटकाशी अम्म मक्की उभा. त्याला गाडीचा आवाज लांबूनच ओळखता येतो; म्हणतो, तुझी गाडी दम्याच्या पेशंटसारखी येते.

"दोक्तोरा! शनिवारी? काय, झाडं पळाली असं वाटलं की काय?"

"झाडं आहेत ना चोवीस?"

"सकाळी मोजली तेव्हा होती."

आम्ही सतराशी गेलो. त्या झाडाचा बुंधा एका बाजूला असा वाकून सुजलेला आहे की त्याच्यावर सरळ बसता येतं, आणि समोर माझ्या यंत्राची लोखंडी पेटी, बरोबर कमरेच्या उंचीची. पेटीवर त्याचा कोट होता. चार वर्षांत मी त्या पेटीवर तो कोट शंभर वेळा पाहिला असेन. कोट बाजूला करून मी पेटी उघडायचे. बुंध्याशी प्लॅस्टिकची हिरवी झारी. ती मी पाहिलीच नव्हती असं नाही. ती तिथली होती, जसं झाड तिथलं होतं.

"अम्म मक्की," मी म्हणाले, आणि ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. "तुम्ही वजू कुठे करता?"

"इथे." त्याने बुंध्यावर हात थापटला. "का?"

"पाचही वेळा?"

"थंडीत पहाटेची आत करावीशी वाटते. पण नाही, इथेच."

"मी तुम्हाला विचारलं होतं. झाडाला पाणी घालता का. तुम्ही शपथ घेतलीत."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच आपण अरबी बरोबर बोललो ना अशी शंका आली. "घालत नाही म्हणून घेतली," तो म्हणाला. "पाणी घालणं म्हणजे आळं करायचं, बादली आणायची. मी कधी घातलं? मी वजू करतो."

"पण ते पाणी…"

"ते पाणी वजूचं. ते काय पायाखाली तुडवायचं? मुळाशी सोडायचं असतं. माझा बाप पण सोडायचा. हे पाणी घालणं नव्हे, दोक्तोरा, ही झाडाची—" तो शब्द शोधायला लागला, मिळाला नाही, हात हवेत फिरवून सोडून दिला. "तू विचारलं असतंस, मक्की वजूचं पाणी कुठे सोडतो, तर सांगितलं असतं. मी काय लपवतो?"

माझा प्रश्न चुकला होता. उत्तर बरोबर होतं आणि शपथही बरोबर होती. मी पेटी उघडली, हातातला मीटर लावला आणि त्याला आलेख दाखवला. ठोका, उतार; ठोका, उतार. हे तुम्ही, म्हटलं. हे पहाटेचे तुम्ही, हे दुपारचे. हा शुक्रवार, दुसरा ठोका नाही, मशिदीत गेला होतात. तो चष्मा लावून वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ झाला.

"म्हणजे चार वर्षं तू माझी नमाज मोजत होतीस?"

"झाड मोजत होते. म्हणजे मला वाटत होतं."

"दोन खांद्यांवर दोन फरिश्ते लिहायला बसलेले असतात, हे माहीत होतं," अम्म मक्की म्हणाला. "तिसरा जमिनीत पुरलाय हे कोणी सांगितलं नव्हतं!" आणि तो हसला, पण मध्येच थांबला, आणि मीटरकडे पुन्हा बघितलं, या वेळी चष्मा न लावता. मला कळलं तो कुठे पोचलाय. मलाही तिथेच जायचं होतं आणि तिथे जायचं नव्हतं. मी म्हणाले, गेल्या वर्षीच्या जुलैचं मला दिसलंय, मी कोणाला सांगणार नाही, ते पान काढून टाकते, मला माफ करा. हे सगळं मी यंत्राच्या पेटीकडे बघत म्हणाले.

"काय दिसलंय?"

"एकोणीस दिवस. तुम्ही गावाहून परत आलात त्यानंतर. वजू नाही."

तो विचारात पडला. बोटांवर काहीतरी जुळवलं. मग त्याचा चेहरा उघडला. "अरे, ते! पाणीच नव्हतं! मी सात दिवस गावी, इकडे पुतण्याने हौदाचा नळ उघडा टाकला, सगळा हौद वाळूत. टँकरवाल्याला रोज फोन, रोज उद्या. पुतण्या प्यायला कॅन आणून द्यायचा तेवढंच. मातीने केली वजू." आणि त्याने करून दाखवलं: दोन्ही तळवे कोरड्या वाळूवर टेकवले, फुंकर मारली, चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून. वाळूत दोन तळव्यांचे ठसे उरले. "पाणी नसलं की चालतं. तुझ्या सुईला माती दिसत नाही वाटतं?"

"नाही. फक्त पाणी."

"मग अर्धाच फरिश्ता आहे."

तर. झाडाची नाडी नव्हती, आणि माणसाचं रुसणंही नव्हतं. एका रात्रीत मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं, सपाट रेघ बघून आत एक सबंध कहाणी पेरली होती, आणि ती मला पहिलीपेक्षाही खरी वाटली होती, रडू येण्याइतकी. मला हलकं वाटायला लागलं. नाहीतरी माझ्याकडे आता गमवायला काही उरलं नव्हतं, आणि पोटात भूक होती, आणि ऊन चढत होतं, आणि दुपारची पहिली नमाज जवळ आली होती.

मी त्याला म्हटलं, झारीत किती पाणी घेता ते मोजू द्या. त्याने मोजू दिलं, दीड लिटर. मग तो वजूला बसला आणि मी मीटर धरून त्याच्या बाजूला. पाणी पडताना आणि रेघ चढताना मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. मातीत पाणी शिरायला काही मिनिटं जातात. आधी काहीच नाही, फक्त वाळू काळी पडते, मग रेघ जागी झाल्यासारखी हलते. पण रेघ रोजच्या अर्ध्यावरच थांबली. झारी बघितली तर तिच्यात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक.

"अम्म मक्की, रोज इतकंच वापरता?"

तो ओल्या दाढीतून पुटपुटला, "वजूत पाणी उधळू नये असं आहे."

"मग रोज?"

"रोज कोणी बघत नसतं."

तो तिथेच चटई टाकून नमाजेला उभा राहिला आणि मी तीन झाडं सोडून लांब गेले आणि सी मुन्सिफांना फोन केला. त्यांना सांगायला चार वाक्यं पुरली, मला वाटलं होतं जास्त लागतील. मग ते अगदी हळू, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसे म्हणाले, "सतरा काढून टाक. तेवीस झाडं पुष्कळ झाली. सोमवारी कोणी विचारणार नाही. लेख मी परत मागवतो, काही कारण देऊन."

"मी सोमवारी सांगणार आहे, सी मुन्सिफ. पहिल्याच वाक्यात."

"काय सांगणार आहेस? की आपण दोघांनी मिळून अजानीचा शोध लावला?"

"ते सांगेन. आणि मग सांगेन की चार वर्षं एका झाडाला रोज पाच वेळा थोडं थोडं पाणी मिळालं, वरच्या वीस सेंटिमीटरमध्ये, सूर्याच्या वेळेवर, आणि त्याने त्याचं काय केलं. मुळं वर आणली. ऑगस्टमध्ये साडेदहापर्यंत तोंड उघडं ठेवलं. इतरांपेक्षा किती जास्त कार्बन घेतला, लिटरमागे किती, ते सगळं आहे माझ्याकडे. कोणी मुद्दाम केलं असतं तर याला प्रयोग म्हटलं असतं. चार वर्षं, पहाटे उठून, एकही दिवस न कंटाळता हे करणारा माणूस आपल्याला कुठे मिळाला असता?"

"आणि एकोणीस दिवसांचा खंड? त्यावर माझा सबंध परिच्छेद आहे."

"टँकर आला नव्हता."

पलीकडून आवाज आला, मला वाटलं ठसका लागलाय. मग ठसका थांबेना. "सावली," ते म्हणत होते, "नाजिहा, सावली! मी पंचावन्न वर्षं ती सावली… आणि मी खुर्चीतून उठलो होतो!" मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, काय झालं म्हणून, आणि त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली, फोन चालूच ठेवून, आणि सुरुवात इतकी लांबून केली की मीच फोन ठेवला. नाजिहाची नाडी आता शनिवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होती आणि रात्रीपर्यंत सगळ्या सफाक्समध्ये जाणार होती. सोमवारी सभागृहात मी पोचण्याआधी ती पोचलेली असेल. मी थांबून बघितलं, दुखतंय का. दुखत होतं, थोडं, नवीन बूट जिथे लागतो तिथे. चालता येण्यासारखं.

परत आले तेव्हा अम्म मक्की चटई गुंडाळत होता. "ओरडला का साहेब?"

"हसले."

"मग जास्त वाईट आहे. आता मी वजू कुठे करू ते सांग. नऊ नंबर सुकतंय, तिथे करू?"

"नऊला हात लावू नका! तुलनेसाठी नऊ सुकायलाच हवं. इथेच करा. तुम्ही थांबलात तर हे झाड पहिल्याच उन्हाळ्यात वाळेल, याने मुळं तुमच्यासाठी वर आणलीत."

"माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि बुंध्याकडे बघितलं, नातेवाईक निघालेल्या परक्या माणसाकडे बघतात तसं. आवडलं होतं त्याला, पण दाखवायचं नव्हतं म्हणून कोट झटकत राहिला. मी विचारलं, सोमवारी तुमचं नाव सांगू का. मक्की बिन सालेम, त्याने सांगितलं, बिन सालेम म्हणायला विसरू नकोस, मक्की या भागात तीन आहेत. आणि नमाजेचं सांगितलं तरी चालेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून मी आत बसले, काच खाली केली. तो खिडकीवर हात ठेवून उभा राहिला, निरोप घेणाऱ्या माणसासारखा नव्हे.

"ते एकोणीस दिवस," तो म्हणाला.

"हां."

"सोळा दिवस मातीने केली. तीन दिवस नाही केली. कशानेच नाही. फाटकाशी बसून राहिलो." त्याने खिडकीच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "कुठले तीन, ते शोध तुझ्या तारांनी."

मी त्याच्याकडे बघितलं. सुईला पाणी दिसतं. माती दिसत नाही, आणि मातीही नसेल तर तेही दिसत नाही. सोळा आणि तीन, सगळे सारखे सपाट.

"नाही सापडणार, अम्म मक्की. कधीच नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुला सांगितलं."